पेटीत गेलेलं नारळाचं पाणी

दिवाकर,

तुझ्या शोकसभेत तुला ‘नादब्रह्माचे निस्सीम उपासक’ म्हणायचं ठरलं होतं. मसुदा माझ्याकडं आला, कारण आपल्या भजनी मंडळाचा चिटणीस मी, आणि असले शब्द कपाटातून काढून धूळ झटकून द्यायचं खातं माझ्याकडंच आहे. मी ते शब्द खोडले. नादब्रह्माची उपासना करताना तू मला कधी दिसला नाहीस. दिसलास तो पाटावर मांडी घालून, ओठांत दोन-तीन स्क्रू धरून, उलट्या घातलेल्या पेटीच्या पोटात डोकावणारा. रस्त्यानं जाणाऱ्यानं नमस्कार केला तर तू उत्तर द्यायचा नाहीस, कारण तोंड उघडलं की स्क्रू पडणार. एवढ्यावर अर्ध्या वर्धेनं तुला गर्विष्ठ ठरवलं होतं.

तेरवी झाली. बोरगावातल्या तुझ्या अंगणातला मांडव निघाला, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले. काल सभाही झाली. त्या सभेत जे झालं ते तुला सांगायचं आहे, पण एकदम सांगता येत नाही. तुलाही कुठली पेटी सरळ उघडता यायची नाही. आधी हलवून बघायचास, मग कान लावायचास, मग चहा सांगायचास.

आपली ओळख झाली ती वाचनालयाच्या रेडिओमुळं. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर तुझं ते अर्ध्या शटरचं दुकान. मी रेडिओ पोत्यात घालून आणला आणि तुझ्यासमोर ठेवला.

“काय झालं याले?” तू विचारलंस.

“बोलत नाही.”

“मंग बरंच हाय ना. वाचनालयात बोलाचं नाई, असं तुमीच पाटीवर लिव्हलं.”

मी ग्रंथपाल, वाचलेला माणूस. म्हणजे दुसऱ्यांनी केलेली कामं मला माहीत असतात. तू सातवीनंतर शाळा सोडलेला, पण बोलण्यात मला पहिल्याच दिवशी चीत केलंस. त्या दिवसापासून मी ‘ग्रंथराज’ झालो आणि महिन्याभरात ‘तुमी’चं ‘तू’ झालं.

मग ते ऑर्गनचं प्रकरण. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीचा विजेवर चालणारा ऑर्गन एसटीच्या टपावरून पडला आणि मालकानं तो भंगार म्हणून तुझ्याकडं टाकून दिला. तू तो उघडून बसलास. दोन-तीन महिने रेडिओवाले गिऱ्हाईक परत जात होते आणि मंदावहिनी मला वाटेत गाठून विचारत होत्या, “भाऊजी, ह्याइले कोनं काही केलं तं नाई ना?” एके दिवशी तू वाचनालयात आलास, सरळ माझ्या टेबलापाशी, आणि सगळ्या वाचकांना ऐकू जाईल असा ओरडलास, “ग्रंथराज, बाराच हायेत!”

बारा काय, हे कळायला मला दुकानात यावं लागलं. पाच सप्तकांचे पाच वेगळे सा, पाच वेगळे रे, असं आत काही नव्हतंच. वरच्या सप्तकाचे बारा स्वर तेवढे खरे तयार होत होते. खालचे सगळे त्यांचेच अर्धे, अर्ध्याचे अर्धे. “म्हून एखादा सा सगळीकडूनच गेला, तं वर मायच मेली समजाचं. एकाच जागचा गेला, तं नुसती पट्टी खराब,” असं तू सांगितलंस. कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर मी विसरलो असतो. तुझ्या हातात सोल्डरिंगची कांडी होती आणि आनंदात ती तू माझ्या शबनम पिशवीवर टेकवलीस. ते भोक अजून आहे.

पुढं जपानी कीबोर्ड यायला लागले. गावानं त्याला एका दिवसात ‘करंटची पेटी’ करून टाकलं. भजनी मंडळं, शाळा, लग्नातल्या पार्ट्या, सगळ्यांना करंटची पेटी हवी झाली आणि सगळ्यांच्या पेट्या तुझ्याकडं यायला लागल्या. तू पट्ट्या काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचास. वर्तमानपत्रं वाचनालयाच्या रद्दीतली. अग्रलेखाचं पान तेवढं तू परत द्यायचास. “याची शाई लय लागते हाताले.”

उघडलेल्या पेटीत नुसतं बघून तू सांगायचास ती कुठून आली. कापराची काजळी आणि कुंकू असलं तर भजनी मंडळ. गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या आणि अत्तराचा वास असला तर गिरडच्या दर्ग्याकडची कव्वाली पार्टी. सिगारेटची राख असली तर ऑर्केस्ट्रा. आणि हंगामात जिनिंगवाल्यांच्या घरची पेटी उघडली की आतून कापसाची चिमूटभर गादीच निघायची. तू ती चिमटीनं काढून बाजूला ठेवायचास. “चार पेट्या अजून आल्या की उशी होते.”

पट्टीखालच्या रबराच्या टोपीला काळा ठिपका असतो, तो झिजला की स्वर जातो. तू तो ठिपका पेन्सिलीनं गिरवायचास. त्यासाठी मऊ शिशाची पेन्सिल मीच पुरवायचो. तुझ्या साऱ्या कारभारात माझा हातभार तो एवढाच. तरी लोकांसमोर तू म्हणायचास, “आमचे ग्रंथराज नसते तं अर्धी वर्धा मुकी राह्यली असती.”

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायचो, हे वाद्यच नव्हे. एक बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की बासरी. ना ओठ, ना फुंकर. हे संगीत आहे की हॉटेलातली पदार्थांची पाटी? तू ऐकून घ्यायचास, चहाचा कप बशीवर पालथा घालायचास आणि म्हणायचास, “तुह्या पुस्तकात वाघ येते तवा खरा वाघ येते काय बे?”

“नाही.”

“तरी भेव वाटते ना?”

“वाटतं.”

“मंग!”

या ‘मंग’वर मी किती वर्षं उत्तर शोधलं. एक चांगलं उत्तर गेल्या पावसाळ्यात सापडलंही होतं, आता ते कुणाला सांगू?

चल, चहा झाला. आता उघडतो.

मंडळानं वर्गणी काढून करंटची पेटी घेतली ते साल तुला आठवत असेल, मी लिहीत नाही. दिवाळी नुकतीच झाली होती. एक वाद्य आणलं, ते वाजवायला सुरुवात करावी, इतकी साधी गोष्ट. पण आपल्याकडं पंखा बसवला तरी फीत कापतात. अध्यक्ष अण्णासाहेबांनी एका मोठ्या पाहुण्यांना बोलावलं. मंडळाला सभागृह हवं होतं आणि त्याचा अर्ज पाहुण्यांच्या टेबलावर होता. पेटीला हार घातला, हळद-कुंकू वाहिलं, समोर उदबत्ती लावली. आणि नारळ. नारळ फोडायला पायरीवर दगड ठेवला होता, पण पाहुण्यांना तो दाखवायचं राहिलं. त्यांनी नारळ तिथंच, पेटीच्या लोखंडी स्टँडच्या कडेवर आपटला. पहिल्याच घावाला फुटला. टाळ्या झाल्या. पाणी पट्ट्यांवरून आत गेलं.

तू मागच्या रांगेत होतास. मी तुझ्याकडं बघितलं. तू डोळे मिटून घेतले होतेस.

भाऊराव बसले. आपले भाऊराव, मंडळाचे पेटीवाले, जन्मभर भात्याची पेटी वाजवलेले. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात नसलेला भाता हलवतोय. त्यांनी बटण चालू केलं, आणि त्यांनी पट्टीला हात लावायच्या आधीच पेटीतून तीन स्वर एकदम सुरू झाले. थांबेचनात. पाहुणे माईकवर म्हणाले, “पाहा, विज्ञान कुठं पोहोचलं! आपोआप वाजते!” पुन्हा टाळ्या. ते तीन स्वर त्यांच्या अख्ख्या भाषणाला साथ करत राहिले आणि आभारप्रदर्शनाला बंद पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाऊराव पेटी सायकलरिक्षात घालून बोरगावला तुझ्या घरी आलो. अण्णासाहेब म्हणत होते, मुंबईला कंपनीकडं पाठवू.

“पाठवा,” तू म्हणालास. “पर नारळाचं पानी हाय. गोड हाय, खारं हाय. मुंबई येईस्तोवर आतलं तांबं खाऊन टाकन. आजच धुवा लागते.”

“धुवा?” भाऊराव म्हणाले. “पान्यानंच बिघडली नं, दिवाकरभाऊ, आन् पान्यानंच धूता?”

“चिखलानं भरलेला पाय तुमी कायनं धूता?”

तू माझ्याकडं बघितलंस. पेटीच्या तळाला कंपनीचं चिकटवलेलं सील होतं. ते फाडलं की गॅरंटी गेली. “बोल, ग्रंथराज. उघडू की नको? पेटी तुमच्या मंडळाची हाय.”

मी म्हणालो, “उघड.”

हा शब्द मी म्हणालो, दिवाकर. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा म्हणालो.

तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल वॉटर मागवलंस. पट्ट्या एकेक काढून, खाली पेन्सिलीनं आकडा घालून माझ्याकडं देत होतास आणि मी त्या रद्दीवर मांडत होतो. आतली तांब्याच्या रेघांची हिरवी पाटी तू परातीत ठेवून, लहान बाळाला न्हाऊ घालावं तशी धुतलीस. मग स्पिरिटनं पुसलीस. मंदावहिनींनी अंगणात बाज टाकली, वर जुनं सुती लुगडं अंथरलं आणि ती पाटी उन्हात वाळत ठेवली. कावळ्यानं येऊ नये म्हणून भाऊराव काठी घेऊन शेजारी बसले. वहिनींनी भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. जेवताना आपण तिघंही बाजेकडं बघत होतो, कुणी आजारी माणूस निजलेला असावा तसे.

दुपार कलली तेव्हा तू पेटी जोडलीस आणि भाऊरावांना बसवलंस. वाजली. सगळी वाजली, वरची एक काळी पट्टी सोडून. तिथलं तांबं रात्रीतच गेलं होतं. “महिना द्या. याचा तुकडा नागपूरहून आनतो, हेही वाजन,” तू म्हणालास. भाऊरावांनी तुझे पाय धरले आणि तू इतका लाजलास की दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलंस.

आठ दिवसांनी मंडळाची बैठक झाली. मुंबईच्या कंपनीला पत्र लिहायचं होतं, बिघाडाचं कारण द्यायचं होतं.

“पाहुण्यांचं नाव कुठंही यायला नको,” अण्णासाहेब म्हणाले. “नारळाचंही नको.”

“मग कशानं बिघडली म्हणून लिहू?”

“पेटी उघडली कोणी?”

“दिवाकरनं. पण मी सांगितलं म्हणून.”

“तुम्ही चिटणीस आहात, तुम्ही कशाला मधात येता? लिहा.”

आणि मी लिहिलं, पत्रातही आणि बैठकीच्या इतिवृत्तातही. ‘अनधिकृत कारागिराने उघडल्यामुळे वाद्य नादुरुस्त झाले. सदर कारागिराकडे यापुढे मंडळाची वाद्ये देऊ नयेत.’ हार-तुऱ्यांची, फितींची, अध्यक्षीय भाषणांची मी जन्मभर टिंगल केली. माझ्या टिंगलीवर तू हसायचास म्हणून जास्तच केली. आणि ज्या दिवशी त्या साऱ्या थाटामाटाला नाही म्हणायची वेळ आली, त्या दिवशी मी दौतीत टाक बुडवला. ‘नादुरुस्त’मधला ऱ्हस्व ‘रु’सुद्धा सुबक काढला. मला तो अजून दिसतो.

इतिवृत्ताची प्रत नियमाप्रमाणं वाचनालयाच्या फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी तू रद्दी न्यायला आलास. फलकासमोर उभा राहिलास. तू सावकाश वाचायचास, ओठ हलवत. वाचून झाल्यावर माझ्या टेबलापाशी आलास. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं होतं.

“अक्षर चांगलं हाय तुहं,” तू म्हणालास, आणि रद्दी घेऊन गेलास.

बस. त्यानंतर चार वर्षं, त्यावर एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्यास तर मी क्षमा मागितली असती. तू दिल्या नाहीस, आणि मी ते सोयीचं करून घेतलं. आपण पुन्हा चहा प्यायलो, पुन्हा वाघावरून भांडलो. पण गावातल्या शाळांनी ती प्रत वाचली होती. त्यांच्या पेट्या तुझ्याकडं यायच्या थांबल्या. ‘इलेक्ट्रॉनिक वाद्य दुरुस्ती’ अशी पाटी तू रंगवून घेतली होतीस, ती दुकानात भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. शाळा नागपूरच्या दुकानाकडं जायला लागल्या. आणि नागपूरवाला त्या पेट्या गुपचूप तुझ्याकडंच पाठवायचा. हे तू मला सांगितलंस तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलास. “वर्धेची पेटी नागपूर फिरून येते बे, हवापालट करून!” मीही हसलो. मला तेव्हा हसायला नको होतं.

मंडळाची पेटी मात्र कुठंच गेली नाही. कंपनीनं उत्तर दिलं नाही, सभागृह अर्जातच राहिलं. ती एक काळी पट्टी अजून मुकी आहे. भाऊराव तो स्वर चुकवून वाजवतात, आणि भजनात नवे आलेले लोक तशीच चाल शिकलेत. त्यांना ठाऊकच नाही की तिथं एक स्वर होता.

सेवाग्रामला तू दवाखान्यात होतास त्या आठ दिवसांत मी पाच वेळा आलो. दर वेळी ठरवून आलो. आणि तुझ्या उशाशी बसून कापसाच्या भावाबद्दल बोललो, जणू तुझी किंवा माझी कपाशी होती. शेवटच्या दिवशी तू म्हणालास, “ग्रंथराज, काही सांगाचं हाय काय?” मी म्हणालो, “नाही रे, तू आराम कर.” तू पांघरूण नीट केलंस. मग म्हणालास, “बरं. येजो.”

तेरवीनंतर मी वहिनींना शोकसभेचं सांगायला गेलो. मोठा फोटो, हार, अध्यक्षस्थानी अण्णासाहेब. वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, “भाऊजी, हार-बीर राहू द्या. ते जे लिव्हलं ना त्याइच्याबद्दल, ते खोडा.”

म्हणजे तू घरी सांगितलं होतंस. मला वाटायचं, मनावर घेतलं नसशील. चार वर्षं मला तसंच वाटत राहिलं, कारण तसं वाटण्यात माझी सोय होती.

इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायची तर पुढच्या सभेत, सुरुवातीला, मागचं वाचून कायम करतात तेव्हा उभं राहून सांगावं लागतं. काल मी उभा राहिलो. तुझ्या फोटोला हार घालायला अण्णासाहेब निघाले होते, ते थांबले.

“चार वर्षं झाली,” ते म्हणाले. “आज तो विषय कशाला? शोकसभा आहे.”

“म्हणूनच,” मी म्हणालो, आणि जुनी नोंद वाचली, मग खरं काय झालं ते सांगितलं. मग भाऊराव उठले. “पानी आत जातानी म्या पाह्यलं,” ते म्हणाले. “गप बसलो. कावून? मले पेटी वाजवाले भेटत होती म्हून.” आणि हात वर केला. मग आणखी हात वर झाले. अण्णासाहेबांनी शेवटी केला, पण केला. टाळ्या झाल्या नाहीत. मंडळाच्या इतिहासात टाळ्यांवाचून मंजूर झालेला हा पहिला ठराव असेल.

आज सकाळी इतिवृत्ताची वही घेऊन वहिनींकडं गेलो. त्यांनी नवी नोंद शेवटपर्यंत वाचली. पदरानं पानावरची धूळ पुसली, तिथं धूळ नव्हती. म्हणाल्या, “मले कायले दाखवता, भाऊजी? मले तं माहीतच होतं. हे त्याइले वाचून दाखवाचं होतं.”

म्हणून हे सगळं लिहिलं. आता ऐक, दिवाकर. वाचतो.

‘या वहीत चार वर्षांपूर्वी मंडळाच्या इलेक्ट्रॉनिक पेटीसंबंधी केलेली नोंद खोटी आहे. उद्घाटनाच्या वेळी पेटीवर नारळ फोडण्यात आला व त्याचे पाणी आत गेल्याने ती बिघडली. दुसऱ्या दिवशी चिटणिसाने सांगितल्यावरून बोरगाव येथील दिवाकर महादेवराव झाडे यांनी ती उघडली, धुतली, वाळवली आणि वाजती केली. एक पट्टी मुकी राहिली, ती त्यांना पुढे हात लावू न दिल्यामुळे. खोटी नोंद चिटणिसाने स्वतःच्या अक्षरात केली आणि झाडे यांच्या हयातीत त्यांची क्षमा मागितली नाही. वरील मजकूर सभेपुढे वाचून कायम करण्यात आला.’